गोड बोलून फोडलेला सरदार

माझ्या थोरल्या भावाशी माझं बोलणं नाही. लोकांना वाटतं वावराच्या वाटणीवरून असेल. कॉम्प्युटरवरच्या एका खेळावरून सुरू झालं असं मी सांगते, तेव्हा ते हसतात आणि मी काहीतरी लपवतेय असं समजतात. म्हणून एकदा सगळं नीट सांगते.

आम्ही आर्णीला राहायचो. बाबांचं वावर जवळच्याच एका गावात होतं. कापूस, आणि मध्ये तुरीचे तास, म्हणजे ओळी. बाबा सकाळी गाडीवर जायचे आणि दिवस मावळायला परत यायचे. ती वर्षं कापसाला फार वाईट होती. अळी, बियाणं, फवारा, भाव, याशिवाय गावात दुसरा विषय नसायचा, आणि रोज कोणीतरी नवं पाकीट नाहीतर नवी बाटली घेऊन गावात शिरायचा. माझा मामा अशा माणसांपैकीच एक होता.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. एका दुकानदाराकडून तो बीटी कापसाच्या बियाण्याची बिनपावतीची पाकिटं उचलायचा आणि गावोगाव विकायचा. बोलणं असं, की हा आपल्याच भल्यासाठी उन्हातान्हात फिरून राहिला आहे असं ऐकणाऱ्याला वाटावं. एका वर्षी त्याच्या बियाण्याची झाडं छातीइतकी वाढली आणि बोंडं धरलीच नाहीत. आमच्या वावरातही तेच. बाबांनी विचारलं, तर आमच्याच ओसरीत बसून, आमचाच चहा पीत मामा म्हणाला, "भाऊजी, पेरनी चुकली तुमची." बाबांनी त्याच्या हातातला कप घेतला, अंगणात फेकला आणि त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं सोडलं.

पुढच्या हंगामात मामानं पाकिटं विकणं बंद केलं. का केलं, ते त्यानं कोणाला सांगितलं नाही. तो एकेका गावात गेला आणि पारावर उभा राहून म्हणाला, बियाणं खोटं होतं आणि मला ते माहीत होतं. एका गावात त्याला मारलं, हात मोडला. हात बरा झाल्यावर तो आर्णीतल्या एका मुसलमान मेकॅनिकच्या गॅरेजमध्ये लागला. त्या मेकॅनिकला सगळे चाचा म्हणायचे. चाचा दुचाकी दुरुस्त करायचे, पण फवारणीचे पंपही त्यांच्याकडे यायचे. मामा ते काम शिकला. मग सुट्टीच्या दिवशी पिशवीत पाने आणि वायसर घेऊन तो त्याच गावांत जायला लागला आणि ज्यांना पाकिटं विकली होती त्यांचे पंप फुकटात दुरुस्त करून द्यायला लागला. लोक पंप दुरुस्त करून घ्यायचे आणि वरून शिव्या द्यायचे. तो खाली मान घालून नोझल साफ करत बसायचा.

राहायला तो आमच्याकडे होता, मागच्या खोलीत, आईच्या हट्टापायी. बाबा त्याच्याकडे बघत नसत. भाऊ त्याला मामा म्हणत नसे. त्याच्यासमोर उभा राहून आईला म्हणायचा, "ह्या मानसाले सांग, माह्या बादलीले हात लावू नको म्हना." मलाही मामाची कीव यायची असं नाही. वर्षभर आमच्या घरात नवा कपडा आला नव्हता आणि तो कोणामुळे आला नव्हता हे मला पक्कं ठाऊक होतं. मी त्याला ताट वाढायची आणि आत निघून जायची.

भाऊ यवतमाळला कॉलेजात होता. त्यानं कुणाचा तरी जुना कॉम्प्युटर घरी आणून ठेवला होता आणि नागपूरहून आणलेल्या सीड्यांवरून त्यात एक खेळ टाकला होता. तलवारी, जादू, डोंगर, राक्षस. आपण एक वीर व्हायचं आणि देशोदेशी फिरायचं. वाटेत सोबती मिळतात, ते आपल्याबरोबर लढतात आणि मुक्कामाला शेकोटीपाशी बसून आपल्याशी बोलतात. त्यांना काय उत्तर द्यायचं ते पडद्यावरच्या तीन-चार वाक्यांतून आपण निवडायचं. त्या उत्तरांवर सोबती बदलत जातो. भाऊ तो खेळ अर्ध्यात सोडून यवतमाळला जायचा. मी अकरावीत होते. दुपारी लाइट असली की मी तो उघडून बसायची.

एका दुपारी मामा गॅरेजमधून जेवायला आला आणि दारातच थांबला. पडद्यावर काळ्या चिलखतातला एक माणूस शेकोटीपाशी बसून बोलत होता. त्याच्या ढालीवरचं चिन्ह खरवडून काढलेलं होतं.

"हा कोन?" मामानं विचारलं.

मला उत्तर द्यायचं नव्हतं, पण दिलं. "सरदार होता. राजाच्या हुकमानं त्यानं एका डोंगरावरच्या गावाचं धान्याचं कोठार जाळलं. ऐन थंडीत. लोक उपाशी मेले."

"मंग?"

"मग काय. आता पस्तावा झाला त्याला. त्या गावात परत जायचं म्हणतो."

मामा उंबऱ्यावरच बसला. "काय म्हनून राह्यला तो?"

खेळ इंग्रजीत होता आणि मामाला इंग्रजी येत नव्हतं. मी वाचून सांगितलं. सरदार सांगत होता की त्याला अजून जळक्या ज्वारीचा वास येतो. ज्वारी मी घातली. खेळात दुसरंच काहीतरी धान्य होतं. मामानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जास्तच बोलते हा. खरंच वाईट वाटते त्या मानसाले इतकं बोलता येत नाई."

मी हसले. त्या घरात त्याच्या बोलण्यावर मी पहिल्यांदा हसले असेन.

त्यानंतर तो रोज दुपारी यायला लागला. ताट मांडीवर घेऊन माझ्या मागे बसायचा. लढाया सुरू झाल्या की जेवायचा, आणि सरदार बोलायला लागला की घास हातात तसाच ठेवायचा. मी वाक्य वाचून सांगायची, मग उत्तरं वाचून सांगायची, आणि कोणतं निवडायचं यावर आमचं भांडण व्हायचं. मला सरदाराला धीर द्यावासा वाटायचा. मामाला ते पटायचं नाही.

"नको, पोरी. त्याले चांगला म्हनू नको. कामाले लाव."

"मामा, तो किती हळवा झालाय, पाहा तरी."

"होऊ दे ना. तू त्याले फक्त इचार, गाव किती दूर राह्यलं म्हना."

मी मामाचं ऐकायची, आणि तसं केलं की सरदार खरोखरच सरळ चालायचा. वाटेतल्या लोकांसाठी पूल बांधायचा, चोरांना हाकलायचा, बक्षीस घ्यायचा नाही. डोंगरावरच्या गावात त्याची बातमी पोचली. तिथल्या लोकांनी निरोप धाडला: ये. चौकात बिनहत्याराचा उभा राहा. ज्याला जे बोलायचं ते तो बोलेल, तू ऐकून घ्यायचं. मग आम्ही ठरवू. मी निरोप वाचून दाखवला तेव्हा मामानं ताट खाली ठेवलं आणि हात न धुता तसाच बसून राहिला. मग म्हणाला, "घेऊन जाय त्याले. घाबरन तो, पन जाईन."

आम्ही गेलो नाही. त्याआधी भाऊ घरी आला.

तो कॉलेज सोडूनच आला होता. नापास झाला हे त्यानं सांगितलं नाही. यवतमाळच्या एका मित्राबरोबर धंदा सुरू करतोय, एवढंच म्हणाला. आल्या दिवशी त्यानं कॉम्प्युटर उघडला आणि मी खेळ कुठवर नेलाय ते पाहिलं.

"हा एवढा कायले सुधरवला?"

"मामा सांगत गेला तसं केलं," मी म्हणाले.

भाऊ खुर्चीत मागे रेलला आणि मोठ्यानं हसला. मामा मागच्या खोलीत होता आणि त्याला ऐकू जावं म्हणूनच तो हसत होता. "चोराले चोरच आवडते," तो म्हणाला. "थांब. तुह्या सरदाराले मी दाखवतो तो कोन आहे ते."

दुसऱ्या दिवसापासून त्यानं खेळ हातात घेतला. मी केलेलं सगळं त्याच्या ताब्यात होतं. सुरुवातीला तो उघड दुष्टपणा करायचा. वाटसरूंना लुटायचा, गावं पेटवायचा, सरदाराला सगळ्यांसमोर शिव्या घालायचा. पण सरदार बिघडेना. प्रत्येक वेळी तो समोर यायचा, तुझ्यासारख्याबरोबर मी चालणार नाही म्हणायचा, आणि एकतर निघून जायचा नाहीतर तलवार उपसायचा. भाऊ चिडून खेळ मागे न्यायचा आणि पुन्हा सुरू करायचा. मला आतून फार बरं वाटायचं. मी मुद्दाम त्याच्या मागे उभी राहून बघायची.

मग तो दोन दिवस यवतमाळला गेला आणि तिथल्या सायबर कॅफेत या खेळाच्या युक्त्या शिकून आला. माझ्यावर त्याला इतका राग होता, की जे शिकला ते मला सांगितल्याशिवाय त्याला राहवेना.

"ह्याले शिव्या देल्ल्या त हा अजून चांगला होते," तो म्हणाला. "ह्याले गोड बोला लागते. आजपर्यंत कोनीच ह्याले चांगलं म्हनलं नाई ना, तिथंच हा फुटते."

आणि तो गोड बोलायला लागला. मामा मला जी वाक्यं निवडू देत नव्हता, नेमकी तीच. तू किती सोसलंस. तुझ्याइतका सरळ माणूस मी पाहिला नाही. त्या लोकांना तुझी किंमत नाही. सरदार आधी गप्प बसायचा. मग एकदा त्यानं मान वर केली. पुढे भाऊ एखादं छोटं काम सांगायचा, या माणसाकडून थोडी जकात घे, आपल्यालाही पोट आहे, आणि सरदार ते करायचा. केल्यावर पुन्हा कौतुक. मी मागे उभी राहून बघत होते आणि मला समजत होतं, की आपण ज्याला आठवडेच्या आठवडे चालवत आणलं त्याला हा नुसत्या शब्दांनी फिरवतोय.

"बंद कर," मी म्हणाले.

"काहून? मी त्याले मारून राह्यलो का? उलट इज्जत देऊन राह्यलो."

माझी जुनी सेव्ह केलेली जागा मी शोधली. त्यानं ती आधीच पुसली होती.

त्या रविवारी दुपारी त्यानं मामाला हाक मारली. "मामा, या न. बसा."

घरात सगळे चमकले. आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली. मामा दारात उभा राहिला, आपल्यालाच बोलावलं की काय अशा चेहऱ्यानं. भावानं उठून त्याला स्वतःची खुर्ची दिली आणि आपण स्टुलावर बसला. मला म्हणाला, "तू वाचून दाखव मामाले."

मला तेव्हाच उठून जायला हवं होतं असं काही जण म्हणतील. मी उठले नाही, कारण भाऊ काय करणार आहे ते मला बघायचं होतं आणि मामाला तिथं एकट्याला सोडायचं नव्हतं.

पडद्यावर शेवटचा मुक्काम होता. समोर डोंगर, वर गावाचे दिवे. सरदार म्हणाला, उद्या मी चौकात उभा राहीन. भावानं उत्तर निवडलं आणि मी ते मामाच्या बोलीत वाचलं, कारण वाचणं माझ्याकडे होतं. "तू खूप केलं. झालं आता. तू कोनाचं काही देनं लागत नाई. माह्या नजरेत तू साफ आहे."

आणि तो सरदार, इतक्या दिवसांत जो कधी हसला नव्हता, तो हसला. खेळ बनवणाऱ्यांनी ते हसू फार सुंदर बनवलं होतं. मला त्यांचाही राग आला.

सकाळी तो चौकात गेला, पण हत्यार घेऊन. लोक बोलायला लागले. एक म्हातारी पुढे आली, तिची दोन लेकरं त्या थंडीत गेली होती. ती त्याच्या पायाशी थुंकली. सरदारानं तलवार काढली. मी डोळे मिटले नाहीत, सगळं पाहिलं. शेवटी तो चौकात एकटा उभा होता आणि ढालीवरचं खरवडलेलं चिन्ह लाल होऊन पुन्हा उमटत होतं. पडद्यावर पाटी आली की तुमचा सोबती आता आधीपेक्षा कितीतरी बलवान झाला आहे.

भाऊ टाळी वाजवून हसला. "पाह्यलं? हाच होता तो पयल्यापासून."

मामानं त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्यानं मला विचारलं, "शेवटी काय म्हनला तो?"

"मी कोणाचं काही देणं लागत नाही, असं म्हणाला."

मामा पुन्हा पडद्याकडे वळला. मग त्यानं मोठा श्वास सोडला आणि म्हणाला, "सुटला बिचारा."

 त्या चौकातली म्हातारी त्याला दिसलीच नव्हती. त्याला दिसला होता फक्त एक दमलेला माणूस, ज्याला अखेर कोणीतरी म्हणालं, की आता पुरे.

भावाचा धंदा काय होता ते पुढच्या महिन्यात कळलं. यवतमाळचा मित्र एक टॉनिक बाटल्यांत भरायचा. फवारलं की पात्या, म्हणजे कळ्या, गळत नाहीत, बोंडं मोठी होतात, अळीही जवळ येत नाही, असं तो सांगायचा. गावांत विकायला ओळखीचा माणूस हवा होता, आणि ज्याच्यावर लोक विश्वास ठेवतील असा. आता गंमत अशी, म्हणजे मला अजूनही जिच्यावर हसू येत नाही अशी, की तोवर मामावर लोक विश्वास ठेवायला लागले होते. शिव्या कमी झाल्या होत्या. तो पंप घेऊन बसला की कोणीतरी पाण्याचा तांब्या आणून द्यायचं. दोन-चार घरांत त्याला भाकर मिळायची. इतकी वर्षं खाली मान घालून त्यानं जे मिळवलं होतं, ते भावाला हवं होतं.

मी स्वयंपाकघरात पीठ मळत होते. ओसरीत भाऊ मामाला म्हणत होता, "मामा, तुमी खूप केलं. झालं आता. लोकायचे पंप पुसत किती दिवस बसान? तुमी कोनाचं काही देनं लागत नाई. माह्या नजरेत तुमी साफ आहा."

शब्दाला शब्द तोच होता. माझाच अनुवाद. मी पिठाच्या हातानं बाहेर गेले.

"मामा, हे त्या खेळातलं आहे. त्या सरदाराला हा असंच म्हणाला होता."

मामानं माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा इतका मोकळा मी कधी पाहिला नव्हता. "मालूम आहे, पोरी," तो म्हणाला. "पन म्हनू दे न त्याले. घरातलं कोनीतरी म्हनलं."

आई खुश होती. भाचा आणि मामा एका ताटात जेवायला लागले होते. मी तिला सांगितलं की हा त्याला वापरतोय. ती म्हणाली, "तुले त्यायचं चांगलं झालेलं पाहावत नाई." त्या दिवशी मी आईशीही भांडले.  बाबांनी भावाला एवढंच सांगितलं, की माझ्या वावरात तुझी बाटली आणायची नाही.

चाचांनी मामाला बाटल्या विकायला सुट्टी दिली नाही. म्हणाले, "पंप बनाना है तो आ, बोतल बेचना है तो मत आ." मामा पुन्हा गॅरेजला गेला नाही.

पोळा झाल्यावर मी आईबरोबर वावरात गेले होते. परत येताना गावच्या पारापाशी गर्दी दिसली. मामा मधे उभा होता. इस्त्रीचा शर्ट, पायाशी खोकी. आणि त्याचा आवाज. तो आवाज मी लहानपणी ऐकला होता, पाकिटांच्या काळातला, आपल्याच भल्यासाठी फिरून राहिलेल्या माणसाचा. मी गर्दीत शिरले.

"मामा, ह्या बाटलीत काय आहे?"

"टॉनिक आहे, बेटा. बोंड भरते."

"कशाचं टॉनिक? तुम्हाला माहीत आहे का?"

"तुह्याच भावानं देल्लं. त्याले इचार."

मी लोकांकडे वळले आणि म्हणाले, घेऊ नका. मी सतरा वर्षांची पोरगी. कोणी ऐकलं नाही. पुढे एक बाई होती. नवरा नव्हता, एकटीनं शेती करायची. मामानं तिचा पंप इतक्यांदा दुरुस्त केला होता, की ती त्याला भाऊ म्हणायला लागली होती. ती मला म्हणाली, "तुमच्या घरचं भांडन घरी करा, पोरी. ह्या मानसानं माह्या दारात बसून काम केलं आहे." आणि तिनं बाटल्या घेतल्या. मी मामाकडे पाहिलं. त्या बाईच्या हातात बाटली देताना त्याची नजर क्षणभर खाली गेली. मग पुन्हा वर आली.

टॉनिकनं झाडं जळाली वगैरे काही झालं नाही. काहीच झालं नाही. ते रंगाचं पाणी होतं. ज्यांनी त्याच्यावर भरवसा ठेवला त्यांनी वेळेवरची फवारणी केली नाही, आणि अळी आपल्या वेळेला आली. त्या बाईचं निम्म्याहून जास्त पीक गेलं.

ती भांडायला आली नाही. एका सकाळी एसटीनं आर्णीला आली, फवारणीचा पंप पाठीवर घेऊन, आणि आमच्या दारात उभी राहिली. मामा ओसरीत दाढी करत होता. तिनं पंप त्याच्यासमोर ठेवला.

"हे पन घेऊन घे," ती म्हणाली. "तुह्या हातचं काही नको मले."

ती तशीच वळून गेली. आईनं पाणी विचारलं, तिनं घेतलं नाही. मामाच्या अर्ध्या गालावर साबण तसाच होता. मी वाट पाहत होते, की तो उठेल, तिच्यामागे जाईल, काहीतरी म्हणेल. पूर्वी त्याला मारलं होतं तेव्हाही तो दुसऱ्या दिवशी मोडका हात घेऊनच त्या गावात परत गेला होता. आता तो उठला नाही. त्यानं उरलेली दाढी केली, तोंड धुतलं आणि म्हणाला, "पाह्यलं न? किती बी करा, लोक असेच."

मागून भाऊ म्हणाला, "मी सांगत होतो न, मामा."

बाबा तिथंच उभे होते. त्यांनी तो पंप उचलला, गाडीला बांधला आणि त्या बाईला बसस्टँडवर गाठून परत दिला. तिनं तो घेतला की नाही हे त्यांनी सांगितलं नाही, पण परत आले तेव्हा गाडीवर पंप नव्हता. त्या दिवसापासून बाबा भावाशीही बोलेनासे झाले.

दिवाळीत भाऊ यवतमाळला राहायला गेला आणि मामाला सोबत घेऊन गेला. कॉम्प्युटर जुना झाला म्हणून मागे राहिला. मी तो खेळ पहिल्यापासून सुरू केला. बारावीचं वर्ष होतं, आई ओरडायची, तरी केला. सरदार भेटला, शेकोटीपाशी बसला, जळक्या धान्याच्या वासाचं बोलला. मी त्याला चांगला म्हटलं नाही. कामाला लावला. या वेळी मी त्याला चौकापर्यंत नेलं. तो बिनहत्याराचा उभा राहिला. ती म्हातारी आली, थुंकली, बोलली, आणि त्यानं सगळं ऐकून घेतलं. गावानं त्याला माफ केलं नाही. तबेल्यात झोपायला जागा दिली आणि सकाळी कोठाराच्या भिंती बांधायला लावलं. एवढंच. कसली पाटी आली नाही, तो बलवान झाला नाही, उलट माझ्या सोबतीतून कायमचा निघून गेला आणि पुढच्या लढाया मला एकटीला लढाव्या लागल्या.

मामा एकदा आईला भेटायला आला तेव्हा मी त्याला म्हणाले, "मामा, तो पोचला त्या गावात. दाखवू का?"

तो चपला घालत होता. "आता कायले, बेटा," म्हणाला, आणि भावाच्या नव्या गाडीवर मागे बसून गेला.

पुढे भावाचं यवतमाळात दुकान झालं. बियाणं, खतं, औषधं, सगळं पावतीसकट. टॉनिकचं कोणी नाव काढत नाही. समाजात त्याला मान आहे, बैठकींना बोलावतात. मामा त्याच्या दुकानात गादीवर बसतो. केस काळे करतो. गावाकडची माणसं आली की त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलतो आणि त्यांना हवं त्यापेक्षा जास्त घ्यायला लावतो. तो सुखी आहे. हे मला सर्वांत जास्त झोंबतं. त्याला त्रास होतोय, रात्री झोप लागत नाही, असं काही मला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं, पण तसं नाही.

मी लग्न होऊन कळंबला आले. एकदा चतुर्थीला दोघं चिंतामणीच्या दर्शनाला आले आणि तिथून माझ्या दारात. बाबा तोवर वारले होते. भाऊ गाडीतून उतरून फाटकापाशी थांबला. मी आत ये म्हणाले नाही. मामा ओट्यापर्यंत आला. मी त्याला पाणी दिलं.

"अजून राग आहे व्हय?" तो म्हणाला.

"हो."

"त्या बाईनं पंप आनून टाकला न, तवाच मले समजलं होतं. आपन कितीबी..."

"मामा, तो पंप चालत होता," मी म्हणाले. "तुम्ही दुरुस्त केलेला एकही पंप कधी बंद पडला नाही. तिनं तो परत आणला कारण तुम्ही बाटली विकली. तुम्ही उलटं सांगता आहात, आणि ते तुम्हाला ह्यानं शिकवलं आहे."

मामानं फाटकाकडे पाहिलं. भाऊ मोबाइलवर कोणाशी तरी बोलत होता, हसत होता.

"तो माह्यासंगं चांगला राह्यते, पोरी," मामा म्हणाला. "तुमच्यापैकी कोनी राह्यलं नाई."

याला माझ्याकडे उत्तर होतं. ती बाई तुम्हाला भाऊ म्हणत होती, चाचा तुम्हाला रोज शेजारी बसवून चहा पाजत होते, मी रोज दुपारी तुम्हाला वाचून दाखवत होते. पण तो ऐकायला उभा नव्हता. त्यानं पेला ओट्यावर ठेवला आणि फाटकाकडे निघाला. भावानं त्याच्यासाठी गाडीचं दार उघडून धरलं, नेहमी धरतो तसं. मी आत गेले आणि घरचं दार लावून घेतलं.